केशररावांची सोय

गणपतीत कोकणात जायचं म्हटलं की आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत सगळ्यांना एकच घोर लागतो, तिकिटाचा. साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं आणि आठ-पाचला सगळे वेटिंग लिस्टवर असतात. त्या पाच मिनिटांत नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी बोलत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचे माऊकाका मात्र त्या वेळी गॅलरीत स्टूल टाकून, नाकाला रुमाल बांधून, बर्फातल्या बांगड्याचे काटे काढत बसलेले असतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी, ताजं फारसं मिळत नाही, म्हणून बर्फातला. काका स्वतः अंडंसुद्धा खात नाहीत.

"काका, तिकीट काढलंत?"

"तिकिटाचं काय घेऊन बसलात! आधी माणूस मिळू दे."

माणूस म्हणजे केशररावांकडे बघणारा माणूस. केशरराव हा बोका आहे. नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचा, वजन सहा किलो. एका पावसाळ्यात मीटरच्या पेटीमागे सापडला तेव्हा काकींनी मुलगी समजून हौसेने केशर नाव ठेवलं. नारिंगी मांजरांत पाचातले साधारण चार बोके निघतात हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं, पण तोवर नाव तोंडात बसलं होतं. मग मागे 'राव' लावून प्रश्न मिटवला.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. कुरिअरवाला सोडला तर ते कुणी वाचत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत उभा जन्म गेला, त्यातला बराचसा कर्ज विभागात, आणि तिथून ते निवृत्त झाले ते फक्त पगारपत्रकापुरते. माणूस समोर आला की ते आधी त्याच्या चपला बघतात. चप्पल दारात सरळ जोडीने काढली तर हप्ते वेळेवर येणार, एक इकडे एक तिकडे पडली तर खातं बुडणार, हा त्यांचा ठोकताळा आहे. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळे या चाचणीतून गेलेत. (जावई पास झाला तो बूट घालून आला होता म्हणून. लेस सोडायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस आपोआप सरळ होतो, असं काकी म्हणतात.)

मांजर सांभाळायला तयार असलेल्या प्रत्येकाला काका 'प्रकरण' म्हणतात. "सी विंगमधलं एक प्रकरण आलंय. तपासतो."

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. लग्नाला, बारशाला, मयताला यायचं ठरलं की आधी 'मांजराचं काय?' म्हणणारी. माझ्या मावसबहिणीने पुण्यात दोन मांजरांसाठी हॉलमध्ये कॅमेरा बसवलाय आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून ती रिकामा सोफा बघत बसते. न्यू जर्सीतल्या आमच्या एका नातेवाइकांनी तर कमालच केली. आई-वडिलांना डिसेंबरात आग्रहाने बोलावलं, तिकिटं पाठवली, विमानतळावर घ्यायला गेले आणि तिसऱ्या दिवशी मुलांना घेऊन स्वतः मेक्सिकोला निघून गेले. आजी-आजोबांनी अमेरिकेत काय पाहिलं? बर्फ आणि मांजर. पण हे सगळे हौशी. माऊकाकांची पद्धत वेगळी, तिला फाइल आहे.

मांजर बरोबर का नेत नाही, असा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारतो. काकांचं उत्तर तयार असतं. रेल्वेत जनावर डब्यात आपल्याजवळ ठेवायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर ते गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातं. "पेन्शनवर कूपे? आणि पेटीत मी जाईन, तो नाही." मोटारीने न्यावं, तर मुंबई-गोवा महामार्ग. २०११ पासून तो चौपदरी होतोय. "त्या रस्त्यावर माणसाचे मणके सरकतात, मांजराला तर मणके जास्त असतात." हे शेवटचं वाक्य ऐकून मी घरी जाऊन तपासलं. खरंच जास्त असतात.

आणि समजा पोचला काकांच्या गावी, कुडाळला, तरी काय? मांजराचा जीव माणसापेक्षा जागेत जास्त अडकलेला असतो. एकदा केशररावांना ठाण्याला मेहुणीकडे ठेवलं होतं. मेहुणीने लाडाने नवी गादी आणली, सुरमई आणली. केशरराव पिंजऱ्यातून निघाले ते थेट फ्रिजच्या मागे. तिथून हलले नाहीत, खाल्लं नाही, प्यायले नाहीत. मेहुणीला वाटलं भूक लागली की येईल बाहेर. कुत्र्याच्या बाबतीत हे चालतं. मांजराने, त्यातून अंगाने भरलेल्या मांजराने, दोन-तीन दिवस पोटात काही घातलं नाही तर अंगातली चरबी यकृतावर जाऊन बसते आणि जिवावर बेततं. काका कुडाळहून रात्रीच्या एसटीने परत आले, फ्रिजसमोर फरशीवर पालथे झोपले आणि तासभर फ्रिजच्या खालच्या फटीशी बोलत राहिले. काय बोलले ते मेहुणी अजून सांगत नाही. केशरराव बाहेर आले. मेहुणीशी संबंध पूर्ववत व्हायला मात्र दोन दिवाळ्या गेल्या.

तेव्हापासून काकांच्या फाइलवर पहिलं कलम असं आहे: मांजर हलणार नाही, माणूस येईल.

तरीही एक पर्याय म्हणून ते पाळीव जनावरांच्या एका वसतिगृहात पाहणीला गेले होते, मला साक्षीदार म्हणून घेऊन. जागा स्वच्छ होती. तिथल्या पोराने आधी लसीकरणाचं कार्ड मागितलं, तीन रोगांची एकत्र लस आणि रेबीजची वेगळी. काका खूश झाले. "केवायसी मागतात. चांगलं लक्षण." मग आत गेलो. पिंजरे तीन थरांत, मधल्या थरात एक पांढरी पर्शियन भिंतीकडे तोंड करून बसलेली. भिंतीपलीकडे कुत्री. एक भुंकलं की सगळी भुंकत आणि दर भुंकण्याला त्या पर्शियनचे कान मागे जात. काकांनी त्या पोराला विचारलं, "ही जेवते का?" पोरगा खरं बोलणारा निघाला. म्हणाला, "रात्री जेवते काका, कुत्री झोपली की." काकांनी त्याच्याशी हात मिळवला, त्याच्या खिशात पन्नासची नोट घातली आणि बाहेर येऊन म्हणाले, "मुलगा चांगला आहे. जामीनदार म्हणून घ्यावा असा. पण शाखा गैरसोयीची."

मग इमारतीतली प्रकरणं सुरू झाली.

पहिलं, सी विंगमधली आयटीतली मुलगी. ती खाली पार्किंगमध्ये पाच-सहा मांजरांना रोज खाऊ घालते. मला वाटलं, झालं काम. तिने केशररावांना पाहताक्षणी उचलून छातीशी धरलं, "माझं पिल्लू ते" म्हणाली आणि त्यांच्या दोन्ही कानांच्या मधे पापी घेतली. केशररावांचा चेहरा कर्जमाफीची घोषणा ऐकलेल्या शाखाप्रमुखासारखा झाला. ती गेल्यावर काकांनी वहीत लिहिलं: 'प्रेम गरजेपेक्षा जास्त.' मी भांडलो. काका म्हणाले, "खालच्या मांजरांना लशी नाहीत. त्यांचा आजार हिच्या कपड्यावरून, चपलेवरून वर येऊ शकतो. आणि ही लाडाने दार उघडं ठेवून त्याला जिना दाखवेल. प्रेमात पडलेला माणूस कडी लावत नाही हो." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी वाद सोडून दिला.

दुसरं, शेजारचा आठवीतला मुलगा. उत्साह भरपूर. 'अर्जदार अज्ञान' असा शेरा मिळाला आणि एक चॉकलेट.

तिसरं प्रकरण म्हणजे धुण्या-भांड्यांच्या ताई. घरची चावी त्यांच्याकडे, केशरराव त्यांच्या पायांत घोटाळतात, सगळं जुळत होतं. त्यांनी हातातलं पातेलं खाली न ठेवता सांगितलं, "काका, तुमच्या आधी माझी गाडी आहे." त्याही सिंधुदुर्गच्या. बाकी सगळी मुंबई आपल्यासाठी मागे थांबते या समजुतीला गणपतीत असा दरवर्षी तडा जातो.

चौथं प्रकरण मी. माझी प्री-सँक्शन व्हिजिट झाली, म्हणजे काका आमच्याकडे चहाला आले आणि कपबशी हातात घेऊन घरभर फिरले. मोरीत डांबराच्या गोळ्या आहेत का पाहिलं. त्या मांजराला विष. फरशी कशाने पुसता विचारलं. "फिनेलने," आमची ही म्हणाली. काकांनी डोळे मिटले. मांजर पाय चाटतं आणि फिनेलमधलं द्रव्य त्याच्या यकृताला पचवता येत नाही, हे त्यांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं. मी म्हटलं, "पण काका, मांजर तर तुमच्याच घरी राहणार ना? आमची फरशी कशाला बघता?" "तुमचे पाय तिकडे येणार ना!" मग त्यांची नजर टेबलावरच्या फुलदाणीवर गेली. लग्नाच्या वाढदिवसाचा पुष्पगुच्छ, त्यात मधोमध दोन पांढऱ्या लिली. त्या फुलाचे नुसते परागकण अंगावर पडले आणि मांजराने चाटले तरी त्याची मूत्रपिंडं जातात. काका काही बोलले नाहीत. अर्धा चहा ठेवून उठले. तेव्हापासून आमच्या घरी लिली येत नाही आणि माझं प्रकरणही पुढे सरकलेलं नाही.

घोडं अडलं होतं ते आणखी एका कारणाने. गणपतीचे दिवस. एरवी मासे खाणारी घरंही त्या आठवड्यात शुद्ध असतात. दोन दारांआड मोदकांचं सारण चाललेलं असताना तिसऱ्या दारात बांगडा उकडायला कोण धजेल? काकांनी यावर श्रावणापासून तोड काढली. रोज बांगड्यात चमचाभर पाकिटातलं मिसळायचं, दर आठवड्याला पाकीट वाढवायचं, बांगडा कमी करायचा. अन्न एकदम बदललं तर मांजर तोंड लावत नाही. केशररावांना पहिले पंधरा दिवस पत्ता लागला नाही. सोळाव्या दिवशी त्यांनी वाटी पालथी घातली आणि काकांच्या पासबुकावर जाऊन बसले. पण महिनाभरात वळले.

अन्न ठरलं, माणूस ठरेना. तिकिटं वेटिंगला, त्यात काकांचं वेटिंग शंभराच्या पुढे. काकींनी एके दिवशी देवघरातून सांगितलं, "मी आणि गणपती दोघंही निघालोय. तुम्ही दोघं ठरवा काय ते." त्याच संध्याकाळी काका पहिल्या मजल्यावर माईंकडे गेले, ते मांजराच्या कामाला नव्हे, सोसायटीच्या पाण्याच्या बिलावर सही घ्यायला.

माई म्हणजे महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. मांजर त्यांना आवडत नाही. हे त्या आडपडद्याने सांगत नाहीत. केशरराव एकदा गच्चीत त्यांच्या उडदाच्या पापडांवर झोपले होते, ते त्यांनी सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर घेतलं होतं. इतिवृत्तात आहे. काकांचा चेहरा पाहून माईंनी विचारलं, "काय झालं?" काकांनी सांगितलं. माई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? काय करायचं ते लिहून द्या. वेळा घाला."

काका वर आले ते वेगळेच. रात्री माझ्याकडे येऊन दारातच उभे राहिले. "शाखेत असताना आमचे साहेब म्हणायचे, ज्याला कर्जाची फार घाई त्याला कधी देऊ नये. ज्याला नकोय त्याच्या मागे लागावं. इतकी वर्षं हे मी मांजराला लावलं नाही बघा."

मला त्यांचं तेव्हाही पटलं आणि आताही पटतं. मांजराची हौस असलेला माणूस मांजराशी खेळायला येतो. पाणी बदलायला, वाळू उपसायला आणि कडी लावून जायला वेगळा स्वभाव लागतो आणि तो बहुधा माईंसारख्या, कशाचंच फार कौतुक नसलेल्या माणसांकडे असतो.

दुसऱ्या दिवशी माई सूचनांची वही घ्यायला आल्या. वही अकरा पानांची. माई चष्मा लावून सोफ्यावर बसल्या आणि पर्समधून लाल पेन काढलं. आम्ही तिघं परीक्षेला बसल्यासारखे समोर.

"'केशररावांना सकाळी उठल्यावर पाणी हवे असते.' 'पाणी लागते' लिहा. हवे असते म्हणजे काय, तो मागतो?" रेघ. "'पाण्याची वाटी जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवावी.' ठीक. 'वॉशिंग मशीन लावण्यापुर्वी आत पाहावे.' मी तुमचं मशीन का लावेन?" रेघ. "'लावण्यापुर्वी' मध्ये पू दीर्घ. 'राखीचे दोरे, रबरबँड जमिनीवर असू नयेत, गिळल्यास आतडे गुंततात.' हे चांगलं लिहिलंय. निघण्याआधी तुम्हीच केर काढून जा." बरोबरची खूण. "'उशाशी काकांचा न धुतलेला बनियन ठेवावा.'"

इथे माई थांबल्या. काका घसा साफ करून म्हणाले, "वासाने त्याला धीर येतो."

"बनियन राहील. मी हात लावणार नाही. तुमचं तुम्ही ठेवून जा आणि येऊन उचला." त्यापुढे त्यांनी समासात 'वगळा' लिहिलं. पान आठवर डॉक्टरांचा नंबर, उपचाराला संमतीचं पत्र आणि खर्चाची मर्यादा होती: 'पाच हजारांपर्यंत विचारू नये, त्यापुढे फोन करावा.' काकी म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याच्या वेळी दोन हजारांपुढे फोन करायला सांगितलं होतं." कुणी काही बोललं नाही. माईंनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. कौतुकाच्या होत्या की काकींच्या बाजूच्या, कळलं नाही.

अकरा पानांचं एक पान झालं. मधली ओळ मात्र माईंनी स्वतः मोठ्या अक्षरात लिहिली: लघवी रोज पाहणे. बोक्याची लघवी अडली तर एक-दोन दिवसांत जीव जातो, हे काकांनी सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा केशररावांकडे नीट बघितलं. "इतकंसं जनावर," त्या म्हणाल्या. केशरराव जांभई देत होते.

शेवटचा प्रश्न माईंनीच काढला. त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती. "मी सहाला येईन. अंघोळीआधी मांजराचं, अंघोळीनंतर देवाचं. संध्याकाळी आरतीनंतर." पाकिटावर ठळक अक्षरांत माशाचं नाव आणि माशाचं चित्र होतं. माईंनी प्रत्येक पाकिटावर कागद चिकटवला आणि वर लिहिलं: 'के. सकाळ', 'के. रात्र'. मग ती पाकिटं होमिओपॅथीच्या पुड्यांसारखी ओळीने लावून ठेवली. चप्पल त्यांनी दारात कशी काढली होती ते मी बघायला गेलो, पण काका आधीच तिथे उभे होते. दोन्ही टाचा भिंतीला, इंचभर अंतर राखून.

तिकीट शेवटी तुतारी एक्सप्रेसचं मिळालं, तेही कुणीतरी रद्द केलं म्हणून.

गावी पोचल्यावर उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. घरात रेंज नाही. रेंज फक्त विहिरीजवळच्या फणसाखाली, तेही तोंड पूर्वेला केलं तर. घरात आरती, काका फणसाखाली. पावसात छत्री, छत्रीखाली मोबाइल. माईंचे निरोप ठरल्या वेळी यायचे: 'स. ६.१०. खाल्ले. वाळू काढली. लघवी एकदा. दार लावले.' संध्याकाळी तसाच दुसरा. काका विचारायचे, 'मूड कसा आहे?' उत्तर: 'मांजराला मूड नसतो.' 'आवाज देतो का?' 'देतो. मी देत नाही.' गौरी जेवायच्या दिवशी काकांनी व्हिडिओ कॉल केला. माईंनी मोबाइल जमिनीवर ठेवला. काकांना दहा मिनिटं स्वतःच्या हॉलचं छत आणि पंखा दिसला, आणि शेवटी कॅमेऱ्यावर एक नारिंगी शेपूट आडवी गेली. त्यांनी त्याचा फोटो काढून ठेवला. मला पाठवला. मी आणखी कुणाकुणाला पाठवला असेल, पण शेपूट छानच आली होती.

चौथ्या दिवशी माईंच्या निरोपात एक शब्द जास्त आला: 'लघवी दोनदा. बरे आहे.' काकांनी तो निरोप काकींना, मोठ्या भावाला, भटजींना वाचून दाखवला. त्या 'बरे आहे'मध्ये त्यांना काय काय ऐकू आलं कुणास ठाऊक. भटजींनी अक्षता टाकल्या.

परत आले तेव्हा मी सामान उचलायला खाली होतो. काका जिने चढले ते बॅग माझ्या हातात सोडून. दार उघडलं. केशरराव सोफ्यावर. त्यांनी काकांकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं. मांजर ज्यांच्याकडे आहे त्यांना हे ठाऊक असतं. हा सूड अर्ध्या दिवसाचा असतो आणि तेवढा सोसावा लागतो. काका सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले, हात मांडीवर, समन्स आल्यासारखे. बनियन होता तिथेच होता, एका चिमट्याने वर्तमानपत्रावर ठेवलेला. म्हणजे हात न लावण्याचा शब्द माईंनी पाळला होता, पण बनियन जमिनीला टेकलेला त्यांना बघवला नव्हता.

माई चावी द्यायला वर आल्या. हातात तो एक कागद, प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि सही. एक पाकीट उरलं होतं, 'के. रात्र', तेही परत.

"त्रास नाही ना दिला त्याने?" काकांनी विचारलं.

"त्याने कसला त्रास! वेळेवर खातो, वेळेवर जातो, मुकाट झोपतो. इतका शिस्तीचा विद्यार्थी माझ्या वर्गात क्वचित असायचा." माईंनी चष्मा काढून पुसला. "तुमचे मात्र बावन्न फोन आले. पुढच्या वर्षी हवं तर मी येते, पण तुमचा फोन इथे त्याच्याजवळ ठेवून जायचा."

केशरराव सोफ्यावरून उतरले, आळोखेपिळोखे दिले, काकांना ओलांडून दारापर्यंत आले आणि माईंच्या पायांशी बसले. माईंनी पदर आवरून घेतला आणि एक पाऊल मागे सरकल्या. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी वही उघडली होती, पेनाचं टोपण काढलं होतं.

"माई," ते म्हणाले, "दिवाळीत तुम्ही कुठे जाणार नाही ना?"